अणुवीज हवी, पण कोळशाचा कुठला संच बंद करताय ते आधी सांगा

आमच्या अंगणातल्या तुळशीवर रोज राख बसायची. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसायच्या इतक्या जवळ माझं लहानपण गेलं. केंद्राचं नाव मुद्दाम घेत नाहीये, अशा सगळ्याच वसाहतींची गोष्ट साधारण सारखीच असते. वारा आमच्या बाजूला वळला की आई दोरीवरचे कपडे धावत जाऊन आत घ्यायची, उन्हाळ्यात पापड घालायचे तर आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, आणि शेजारच्या काकांचा तो दम्याचा पंप कायम टीव्हीच्या रिमोटशेजारी पडलेला असायचा. कुणी याला आपत्ती वगैरे म्हणत नव्हतं, बाबांचा पगारही त्याच चिमणीखालून यायचा. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात अपघात झाला तेव्हा आम्ही सगळे रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसून होतो, बाबा सारखे बापरे बापरे करत होते, आणि सकाळी उठून आईने नेहमीसारखी तुळस पुसली.

हे आत्ता आठवायचं कारण असं की अणुवीज हवी की नको हा वाद आपल्याकडे निघाला की तो कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाला सुरू होतो आणि जैतापूरलाच अडकतो, त्यात कोळसा कधी येतच नाही. सगळे असं धरून चालतात की अणुभट्टी बांधली नाही तर तिच्या जागी काहीच नसेल, नुसता समुद्र आणि आंब्याच्या बागा. जैतापूर प्रकल्पाच्या माडबन गावात नसेलही, पण वीज कुठून तरी येतेच ना. देशात आजही दर शंभर युनिटांतली सत्तरच्या वर कोळशातून येतात आणि अणुवीज जेमतेम तीन. ती सत्तर युनिटं ज्या गावांतून येतात तिथे मोर्चे निघत नाहीत असं नाही, निघतात, पण त्यांची बातमी तालुक्याच्या पानाबाहेर जात नाही कारण राख रोज पडते आणि रोजच्या गोष्टीची बातमी कोण करणार.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो. हवामान बदलाचं खरंच काही करायचं असेल तर अणुवीज लागेल, सोलर आणि पवनचक्क्यांच्या जोडीने लागेल, पण ती कोळशाच्या जागी आली तरच तिचा उपयोग. नवीन रिएक्टर सुरू झाला आणि कोळशाचा एकही संच बंद पडला नाही तर धूर तेवढाच राहिला, फक्त आपल्याकडे वीज थोडी जास्त आली. मग त्याला विकास म्हणा, डेटा सेंटरसाठी म्हणा, काही हरकत नाही, पण हवामानाचं नाव सांगून लोकांची जमीन मागू नका. हे बोललं की दोन्हीकडचे मित्र चिडतात. अणुवाले म्हणतात तू अटी घालून प्रकल्प अडवतोस आणि पर्यावरणवाले म्हणतात तू गोड बोलून अणुभट्टी गळ्यात बांधतोस.

मोठे मोठे आकडे बाजूला ठेवून एक घरगुती हिशोब करू. आपल्या देशी कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, त्यामुळे एक युनिट वीज करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालला तर १ कोटी २० लाख युनिट होतात, म्हणजे आठ हजार टनांच्या घरात कोळसा. एका मालगाडीत पावणेचार हजार टन धरा, म्हणजे एका संचासाठी रोज दोन भरलेल्या मालगाड्या. आणि रोज अडीच-तीन हजार टन राख, रविवार नाही, दिवाळी नाही. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं आहे, पुढचा गुणाकार तुमचा तुम्ही करा. आता दुसरीकडे बघा, आपल्याच बनावटीच्या ७०० मेगावॉटच्या जड पाण्याच्या रिएक्टरला दिवसाला साधारण तीनशे किलो युरेनियम लागतं. आमच्या नाक्यावर भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोत आरामात मावेल एवढं.

त्या राखेचं पुढे काय होतं हे शहरात कुणी विचारत नाही. काही सिमेंटवाले नेतात, काहीच्या विटा होतात, उरलेली पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या तलावात सोडतात आणि तो तलाव वर्षानुवर्षं भरत राहतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा पावसात फुटला, राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं. नागपूरकडच्या लोकांना आठवत असेल. पुण्यामुंबईत मी हे ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि हीच माणसं फुकुशिमाच्या रिएक्टरचे नंबर सांगतात. चंद्रपूर २००९ सालीच केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या अतिप्रदूषित यादीत वरच्या नंबरांत होतं, तेव्हाही राज्यात कुणाची झोप उडाली नाही.

हवामानाच्या बाजूने बघायचं तर गणित फारसं वादाचं उरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान बदलावरच्या तज्ज्ञगटाने २०१४ च्या अहवालात खाणीपासून ते शेवटी पाडकाम करेपर्यंतचा सगळा हिशोब धरून आकडे दिलेत, त्यात मधला अंदाज असा की कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, गॅसच्या ४९०, छोट्या-मोठ्या सोलरच्या चाळीस-अठ्ठेचाळीस आणि अणुविजेच्या १२ ग्रॅम, म्हणजे पवनचक्कीच्या बरोबरीला. कुणी म्हणतं युरेनियमची खाण, सिमेंट, जड पाणी हे सगळं धरलं तर अणुवीज काही स्वच्छ नाही, तर बाबांनो ते धरूनच १२ आहे. एक ७०० चा रिएक्टर वर्षातले ऐंशी टक्के तास चालला तर ४९० कोटी युनिट होतात, तेवढी वीज कोळशाची कमी केली तर ४० लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो. कमी केली तर, हे परत लिहितो.

भीतीचं काय मग? भीती खोटी नाही, फुकुशिमाला दीड लाखावर लोकांना घरं सोडावी लागली, कित्येक म्हातारी माणसं रेडिएशनने नाही तर त्या पळापळीत, हॉस्पिटलं रिकामी करताना, तात्पुरत्या निवाऱ्यांत गेली. पण तिथे नेमकं काय झालं ते बघा. भूकंप झाल्याबरोबर रिएक्टर ठरल्याप्रमाणे बंद पडले, मग चौदा-पंधरा मीटरची लाट आली आणि बॅकअपचे डिझेल जनरेटर पाण्यात गेले कारण ते बरेचसे खालच्या मजल्यावर, तळघरात बसवलेले होते. रिएक्टर बंद केला तरी आतलं इंधन बराच काळ तापतच राहतं, त्याला पाणी फिरवत राहावं लागतं, पंपाला वीज नाही म्हणून ते वितळलं. त्याच किनाऱ्यावर ओनागावा नावाचं दुसरं अणुकेंद्र आहे, भूकंपाच्या केंद्राच्या अजून जवळ, ते उंचावर बांधलेलं होतं, त्याला फार काही झालं नाही, उलट आजूबाजूच्या गावातली माणसं आसऱ्याला त्या केंद्रात येऊन राहिली. म्हणजे प्रश्न अणूचा किती आणि जनरेटर तळघरात ठेवणाऱ्याचा किती? मला तरी दुसऱ्याची जास्त भीती वाटते आणि आपल्याकडे तळघरात जनरेटर ठेवणारे कमी नाहीत, कुठल्याही सोसायटीत जाऊन बघा पहिल्या मोठ्या पावसात काय होतं ते.

आणि मुंबईकरांना एक विचारायचंय. ट्रॉम्बेला १९५६ साली अप्सरा सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी, १९८५ पासून तिथे १०० मेगावॉट उष्णतेची ध्रुव आहे, पलीकडे चेंबूर, मानखुर्द, देवनार. दीड-दोन कोटी लोकवस्तीचं महानगर अणुभट्टी उशाला घेऊन झोपतं आणि लोक तिथे वन बीएचकेला कर्ज काढतात, पण वीज बनवणारी भट्टी म्हटली की ती कोकणात. संशोधनाची भट्टी आणि वीजकेंद्र यात आकाराचा फरक आहे, मान्य, तरी पण.

आता सोलर. माझ्या ओळखीतले सगळे हुशार लोक आजकाल म्हणतात की अणुबिणू सोडा, सोलर अडीच रुपये युनिट मिळतंय, विषय संपला. अर्ध्याहून जास्त खरं आहे. गावाकडे शेतकऱ्याला रात्रीची थ्री फेज मिळायची, थंडीत रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जायचं, जुन्नरकडे त्यात बिबट्या, इतरत्र साप. आता सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज मिळायला लागली तर तो बदल कुठल्याही रिएक्टरपेक्षा मोठा आहे आणि तो आत्ता होतोय, पंधरा वर्षांनी नाही. देशाचं सोलर जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेलं, अणुवीज सत्तर वर्षांच्या खटाटोपानंतर नऊच्या आत-बाहेर आहे. हे लाजिरवाणं आहे आणि अणुवाल्यांनी ते मान्य करावं.

पण ऑक्टोबरची संध्याकाळ आठवा. पावसाळ्यात ढग असले तरी सातारा, सांगली, धुळ्याच्या पवनचक्क्या जोरात असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर निभावून जातं. उन्हाळ्यात दिवसा ऊन भरपूर. ऑक्टोबरमध्ये मात्र वारा पडतो, ऑक्टोबर हीटने घराघरात एसी आणि कूलर परत सुरू होतात, पाऊस गेलेला म्हणून शेतीचे पंप सुरू होतात, आणि सूर्य सव्वासहाला मावळतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रांकडचा कोळसा संपत आला होता तेव्हा बाजारात वीज वीस रुपये युनिटपर्यंत गेली होती. अशा संध्याकाळी सहा ते रात्री बारा एवढी वीज कोण देणार, तर आज त्याचं उत्तर आहे कोळसा, आणि कोयना थोडा वेळ. सोलर जितकं वाढेल तितका दिवसा कोळसा दबेल पण संध्याकाळसाठी त्या भट्ट्या पेटत्याच ठेवाव्या लागतात, त्या काही गॅसच्या शेगडीसारख्या बटन फिरवून बंद-चालू होत नाहीत.

बॅटरी आली की हेही सुटेल असं म्हणणाऱ्यांना मी हसत नाही, कारण सोलर अधिक बॅटरीची टेंडरं साडेतीन रुपयांच्या आसपास आलेली आहेत आणि तीन वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मीच हसलो असतो. पण ती बॅटरी दोन-चार तासांची असते. सह्याद्रीत पाणी वर चढवून साठवायचे प्रकल्प येतायत, घाटघरचा २५० मेगावॉटचा २००८ पासून चालूच आहे, ते चांगले आहेत पण तिथेही जंगल आणि गावं आहेतच, कुठलीच वीज फुकट येत नाही. माझा अंदाज असा की २०४० पर्यंत सोलर, वारा, बॅटरी मिळून मागणीतला मोठा भाग उचलतील आणि शेवटचा जो वीस-तीस टक्क्यांचा चिवट तुकडा उरेल, रात्रीचा, सलग ढगाळ आठवड्याचा, कारखान्यांच्या चोवीस तासांचा, तो एकतर कोळशाकडे राहील नाहीतर अणूकडे. अंदाज चुकू शकतो. पण चुकला तर आपण थोडी महाग वीज घेऊन बसू, आणि अणूशिवाय भागेल हा अंदाज चुकला तर कोळसा घेऊन बसू, आणि कोळशाजवळ कोण राहतं ते मला माहितीय.

जर्मनीने नेमकी हीच चूक केली असं मला वाटतं. त्यांनी १५ एप्रिल २०२३ ला शेवटचे तीन रिएक्टर बंद केले, चांगले चालणारे. त्यांची पवन आणि सोलर वीज खूप वाढली, कोळसाही कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण तपकिरी कोळशाला २०३८ पर्यंतची मुदत आणि रिएक्टर आधी बंद, हा क्रम कुठल्या हवामानशास्त्रात बसतो? फ्रान्सने १९७४ मध्ये तेलाच्या झटक्यानंतर ठरवलं आणि पंधरा-वीस वर्षांत आपली बहुतेक वीज अणूवर नेली, तेव्हा हवामानाचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता. अर्थात तिथेही २०२२ मध्ये पाइपांना तडे सापडले म्हणून बरेच रिएक्टर एकदम बंद, त्यात नद्यांचं पाणी उन्हाळ्यात तापलेलं, आणि फ्रान्सला कित्येक दशकांत पहिल्यांदा विकली त्यापेक्षा जास्त वीज बाहेरून घ्यावी लागली. तापमान वाढलं की अणुकेंद्रालाही त्रास होतो, हे अणुवाले हळूच बोलतात. आपल्याकडे परळीचं औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, अणुकेंद्राला तर पाणी त्याहून जास्त लागतं.

पाण्याची ही गोष्ट शेवटी आपल्याला कोकणात घेऊन जाते, आणि इथून पुढे माझं स्वतःचंच मत मला थोडं टोचायला लागतं.

आमच्या ऑफिसात एक राजापूरचा मित्र आहे. मी एकदा जेवताना हेच सगळं तावातावाने बोलत होतो तर तो शांतपणे म्हणाला, एवढी चांगली असेल तर तुमच्याकडे न्या की. मी म्हटलं नेली असती रे, पण अणुकेंद्राभोवती बरीच जागा मोकळी सोडावी लागते, जवळ मोठं शहर चालत नाही, बारमाही पाणी हवं, आमच्याकडची केंद्रं शहराला चिकटलेली आणि धरणांवर जगणारी. म्हणजे फिरून फिरून समुद्र, म्हणजे कोकण, म्हणजे वीज नागपूरला आणि जोखीम राजापूरला. तो म्हणाला, झालं तर मग.

जैतापूरचा इतिहास थोडक्यात असा. माडबन, करेल, निवेली, मिठगवाणे या गावांची नऊशेच्या वर हेक्टर जमीन घेतली, त्यातला बराचसा कातळसडा, सरकारी भाषेत पडीक. सड्यावर गुरं चरतात, पावसाळ्यात थोडी शेती होते, कडेने कलमं असतात, हे तहसीलच्या कागदावर दिसत नाही. पर्यावरण खात्याने नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह परवानगी दिली, डिसेंबरात फ्रान्सच्या कंपनीशी करार, मार्चमध्ये फुकुशिमा, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न साधा होता की केंद्रातून बाहेर येणारं गरम पाणी आमच्या खाडीच्या तोंडाशी सोडणार, मग मासळीचं काय. कुणी त्यांना आकडा सांगायचं, कुणी दुसरा आकडा सांगायचं, आणि वर कुणीतरी त्यांना विकासविरोधी म्हणायचं. जयगडला १२०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र त्याच जिल्ह्यात उभं राहिलं, ते मात्र देशाच्या चर्चेत कधी आलं नाही, हे पण नोंदवून ठेवतो.

आणि जैतापूरचा रिएक्टर कुठला, तर ईपीआर हा फ्रेंच बनावटीचा, आताच्या आराखड्यात १७३० मेगावॉटचा एक, असे सहा, एकूण १०,३८०. या ईपीआरची जन्मकुंडली बघा. फिनलंडमधला ओल्किलुओतो २००५ ला बांधायला घेतला, नियमित वीज एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्सचा स्वतःचा फ्लामांव्हिल २००७ ला सुरू केला, ३.३ अब्ज युरोत होणार होता, १३ अब्जांच्या पुढे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडला. मेगावॉटमागे सत्तर कोटी रुपयांच्या घरात जातं ते. आपले देशी ७०० चे दहा रिएक्टर २०१७ मध्ये एकत्र मंजूर झाले ते १ लाख ५ हजार कोटींत, म्हणजे मेगावॉटमागे १५ कोटी. इथे बांधलं तर ईपीआर स्वस्त पडेल, देशी रिएक्टरचा खर्च वाढेल, सगळं धरलं तरी एवढी दरी भरून निघेल असं मला वाटत नाही. ज्या राज्याने एन्रॉन या अमेरिकन कंपनीची महागडी वीज बघितलीय, ज्या रत्नागिरी जिल्ह्याने दाभोळला तिचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडताना बघितलाय, त्याने परदेशी कंपनीच्या विजेचा दर आधी लेखी मागितला तर त्यात चूक काय.

म्हणून मी जैतापूरच्या ईपीआरच्या बाजूने नाही, आणि अणुविजेच्या बाजूने आहे. लोकांना हे दोन एकत्र बसवता येत नाही, का कोण जाणे. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर सरांसारखा माणूस जैतापूरच्या बाजूने बोलतो तेव्हा त्यांच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही हे मला कळतं, पण दर आणि उशीर हे प्रश्न भौतिकशास्त्राचे नाहीत, ते बिल भरणाऱ्या कुणालाही विचारता येतात.

देशी रिएक्टरही काही फार वेगाने होत नाहीत. तापीवरचं काकरापार बघा, तिसऱ्या रिएक्टरचं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं आणि व्यावसायिक वीज ३० जून २०२३ ला, जवळजवळ तेरा वर्षं. देशी ७०० चा पहिलाच होता हे कबूल, चौथा त्यानंतर वर्षभरातच लागला, मग राजस्थानातला सातवा एप्रिल २०२५ ला. कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडरचं, म्हणजे जाळतो त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या रिएक्टरचं, तर काय बोलायचं, २००४ ला बांधकाम, २०१० ला व्हायचा होता, रिएक्टरचा गाभा भरायला सुरुवातच मार्च २०२४ मध्ये. आणि २०२५ च्या बजेटमध्ये घोषणा काय तर २०४७ पर्यंत १०० गिगावॉट. म्हणजे बावीस वर्षांत आत्ताच्या साधारण अकरापट. ऐकायला छान आहे. मला त्यातलं निम्मं झालं तरी चालेल, एकाच डिझाइनचे, ओळीने, एक टीम इथून उठून तिथे जाईल असे बांधले तर ते जमू शकतं, कैगाच्या पहिल्या रिएक्टरने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालून जगात विक्रम केला होता, चालवता येतात आपल्याला. बांधताना घोडं अडतं. युरेनियमऐवजी थोरियम वापरायचं विचाराल तर मी शाळेत असल्यापासून थोरियम पुढच्या वीस वर्षांत येतंय, आणि छोटे रिएक्टर सध्या मुख्यतः पीपीटीत आहेत, आले तर स्वागतच, पण त्यांच्या भरवशावर कोळशाला मुदतवाढ देऊ नका.

कचऱ्याबद्दल लोक खूप विचारतात, मला तो या वादातला सगळ्यात मोठा प्रश्न वाटत नाही. कचरा भयंकर आहे पण थोडा आहे, मोजलेला आहे, आपल्याकडे वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून उरलेलं काचेत गोठवतात, तारापूरला ते काम कधीपासून चालतं, फिनलंडने चारशे मीटरच्या खाली खडकात कायमची जागा तयार केलीय. राखेच्या तलावाला कुणी चारशे मीटर खोल नेलेलं मी ऐकलं नाही. माझी काळजी वेगळी आहे, ती नियमावर लक्ष ठेवणाऱ्याची. अणुऊर्जा नियामक मंडळ वर्षानुवर्षं ज्या खात्यावर लक्ष ठेवायचं त्याच घरात बसलेलं, कॅगने २०१२ मध्येच यावर ताशेरे मारले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती नावाचा नवा कायदा केला, त्यात मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला ही चांगली गोष्ट, पण त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि २०१० च्या कायद्यातली, अपघात झाला तर सदोष यंत्र पुरवणाऱ्यावर उलटून दावा करायची तरतूद काढून टाकली. भोपाळ ज्या देशात झालं तिथे ती तरतूद कुणाच्या तरी आठवणीतून आलेली होती. पुरवठादार त्यामुळे येत नव्हते हे खरं असेल, पण ज्याला आपल्या मालाची जबाबदारी नको त्याचा माल मी घराशेजारी का ठेवू, हा प्रश्न नाट्याच्या बाईने विचारला तर तिला अडाणी म्हणू नका.

तारापूरचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ पासून पन्नास वर्षं चालले, २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीला बंद केले तोवर त्यांची वीज देशातल्या सगळ्यात स्वस्त विजेत मोडायची. पुढचे दोन संच बांधताना पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली. त्या गावांच्या पुनर्वसनाचं प्रकरण हायकोर्टात किती वर्षं चाललं ते शोधून वाचा. देशासाठी वीज म्हणून जमीन घ्यायची आणि मग नळाच्या पाण्यासाठी कोर्टात पाठवायचं, असं एकदा झालं की पुढच्या गावाला तुम्ही रेडिएशनचे आलेख दाखवून काही उपयोग नाही, तो आलेख बघतच नाहीये, तो तुमच्याकडे बघतोय.

मग मला काय हवंय. महाराष्ट्रात नाशिक, खापरखेडा, चंद्रपूरला २१० मेगावॉटचे जुने संच अजून आहेत, काही तर ऐंशीच्या आसपासचे. एक ७०० चा रिएक्टर म्हणजे असे तीन संच. तारापूरसारख्या, जिथे आधीच केंद्र आहे अशा जागेपासून सुरुवात करा, देशी बनावटीचा बसवा, आणि मंजुरीच्या कागदातच लिहा की हा सुरू झाल्यापासून एवढ्या महिन्यांत अमुक ठिकाणचे अमुक तीन संच कायमचे बंद. नाव, नंबर, तारीख. तिथल्या कंत्राटी कामगारांचं काय करणार तेही त्याच कागदात, कारण माझ्या नात्यातली अर्धी माणसं कोळशावर जगतात आणि राख थांबली म्हणून त्यांचं पोट थांबायला नको. मागणी इतकी वाढतेय की काहीच बंद करता येणार नाही असं वीजवाले म्हणतील, ते खरं असू शकेल, मग तसं बोला, २०७० चं नेट झिरो आणि पृथ्वी वाचवा मध्ये आणू नका. जनसुनावणीत कोकणातल्या माणसाला निदान हे तरी कळू दे की त्याने ही जोखीम घेतली तर दुसरीकडे कुणाच्या अंगणातली राख थांबणार आहे.

हे शेवटचं मी त्या राजापूरच्या मित्राला ऐकवलं, मला वाटलं हे त्याला पटेल. त्याने डबा बंद केला आणि विचारलं, हे लेखी देतील? मी म्हटलं हो, तेच तर म्हणतोय, मंजुरीच्या कागदातच लेखी. तो म्हणाला, कोयनेच्या धरणग्रस्तांकडे पण कागद आहेत रे, साठ वर्षांचे. मग आम्ही हात धुवायला उठलो.